कोयता खाली ठेवल्यावर

आमच्या मळ्यातला ऊस गेल्या हंगामात पहिल्यांदा यंत्राने तुटला. रात्री नऊच्या सुमाराला यंत्र बांध ओलांडून आत आले. पुढचे दोन पिळाचे शंकू लोळलेला ऊस उचलून सरळ करत होते, खालची गोल पाती जमिनीलगत बुडखे कापत होती. यंत्राच्या पोटातच उसाच्या वीतभर कांड्या होत होत्या आणि शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत धडधडत पडत होत्या. मागच्या पंख्यातून पाचटाचा लोट उडत होता. सव्वा एकराचा फड. दहा कोयत्यांच्या टोळीला तीन दिवस लागले असते. पहाटे अडीचला शेत मोकळे झाले. मी बांधावर उभी होते आणि मनापासून सांगते, मला आनंद झाला. लहानपणापासून मी ऊसतोड पाहत आले आहे. माणसाची पाठ न वाकता ऊस तुटू शकतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे माझ्यासाठी मोठी गोष्ट होती.

सकाळी एक बाई वाढे घ्यायला आली. तिची टोळी शेजारच्या शेतात उतरली होती. तिथली सरी अरुंद, यंत्र शिरत नाही. यंत्राला साडेचार-पाच फुटांचा पट्टा लागतो. बाईने फडभर नजर फिरवली, पायाने पाचट उकरले आणि विचारले, “ताई, ह्यात वाढं काहीच नाही राहिलं का?”

नाही राहिले. यंत्र उसाचा शेंडा छाटते आणि फेकून देते. तो गोळा करता येत नाही, बांधता येत नाही, विकता येत नाही. ऊसपट्ट्याबाहेरच्या वाचकाला वाढ्याचे महत्त्व पटकन कळणार नाही, म्हणून सांगते. ऊसतोडीची मजुरी टोळीच्या हातात रोज पडत नाही. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल या मजुरीतून फेडायची असते. मग रोजचे मीठ-तेल, पोराचे औषध, आठवडी बाजार कशावर? वाढ्यावर. तोडलेल्या उसाचे शेंडे तोडणाऱ्याचे, असा जुना रिवाज आहे. गाडीवान ते बैलांना घालतो, बाया भारे बांधून गावातल्या गोठेवाल्यांना विकतात. पाच-सहा महिन्यांच्या हंगामात बाईच्या मुठीत रोख येते ती एवढीच. हा हक्क कोणत्याही करारात लिहिलेला नव्हता. म्हणून तो गेला तेव्हा कुठे नोंदही झाली नाही.

मी तिला चहा घ्यायला बसवले. ती बीड जिल्ह्यातली, धारूरकडची. लग्न झाले त्याच वर्षी कोयता हातात आला. पहाटे तीनला उठायचे, कोपीसमोर भाकरी भाजायच्या, थंडीत फडात जायचे. नवरा तोडतो, ती पाचट सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. बोलता बोलता तिने सहज सांगितले की सत्ताविसाव्या वर्षी तिने पिशवी काढून घेतली. मी विचारले, काय त्रास होता? म्हणाली, “त्रास म्हंजे, पाळी आली की फडात उभं राहवत नव्हतं. खाडा पडला की मजुरी जाती अन् वरून दंड. डॉक्टर म्हणला, काढून टाका, कटकट मिटंल. उचल काढून काढली.”

हे वाक्य मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते आहे. गर्भाशय काढायचा खर्चही तिने उचलीतूनच केला, म्हणजे तो फेडण्यासाठी पुन्हा फडातच गेली. आणि ती एकटी नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायांची नोंद झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. सुमारे सहा बायांमागे एक. त्या साखरेचा चहा आपण सगळे पीत होतो.

म्हणून मी आधीच स्पष्ट करते. हे काम यंत्राने करायलाच हवे. ऊसतोड ही कुणाची परंपरा नाही, कुणाची कला नाही. पाऊस पडत नाही, जमीन पोसत नाही, गावात दुसरे काम नाही, म्हणून माणसे कोयता उचलतात. जोडप्याला एक कोयता म्हणतात आणि एकट्याला अर्धा कोयता. ज्या कामात माणसाची मोजणी हत्याराच्या नावाने होते ते काम टिकवा, असे म्हणणारा माणूस कामगारांचा कैवारी नव्हे. यंत्राला विरोध करून त्या बाईला पुन्हा मोळीखाली उभे करण्यात मला कसलेच पुण्य दिसत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीजींच्या यंत्रविरोधाला उत्तर देताना हीच बाजू मांडली होती. पशूसारखे राबण्यातून माणसाची सुटका यंत्रामुळे होते, त्याला उसंत मिळते आणि उसंतीशिवाय माणूस माणूस म्हणून वाढत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. यंत्रापासून काही वाईट झाले असेल तर दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, हेही त्यांनी तिथेच बजावले. या विचाराचा पहिला अर्धा भाग आज सगळ्यांना आवडतो. प्रश्न उरलेल्या अर्ध्याचा आहे. यंत्राने वाचवलेले कष्ट कुणाचे आणि त्यातून आलेली उसंत कुणाची?

हिशेब मांडू. जानेवारी २०२४ च्या करारात ऊसतोडीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. एक कोयता, म्हणजे दोन माणसे, दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतात. चांगल्या दिवशी दोन टन धरले तरी दोघांचे मिळून ७३२ रुपये. पहाटेपासून गाडी भरेपर्यंतचे. यंत्र चांगले चालले तर दिवसाला शंभर टनांच्या आसपास ऊस तोडते. म्हणजे एक यंत्र फडात उतरले की पन्नास कोयत्यांचे काम जाते. शंभर माणसांचे.

हे यंत्र कोटीच्या घरातले आहे. राज्यात ९०० यंत्रांसाठी २०२३ मध्ये अनुदानाची योजना आली : किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांतले जे कमी असेल ते. लोकांच्या करातून ३५ लाख रुपये यंत्र घेणाऱ्याला मिळतात. कुणाला मिळतात याबद्दल माझी तक्रार नाही. शेतकऱ्याच्या पोराने कर्ज काढून यंत्र घेतले तर त्याला हात द्यायलाच हवा. पण तेच ३५ लाख त्या शंभर माणसांत वाटून पाहा. माणशी ३५ हजार. एका कोयत्यामागे ७० हजार, म्हणजे कित्येक जोडप्यांना जवळजवळ एका हंगामाची उचल. ९०० यंत्रे म्हणजे ४५ हजार कोयते, ९० हजार माणसे. त्यांच्यासाठी त्या योजनेत एक ओळही नाही. ज्याचे काम सोपे झाले त्याला सरकार पैसे देते. ज्याचे काम गेले त्याचे नाव विचारायला कुणी जात नाही. हा अन्याय आहे, आणि आपण सगळ्यांनी मिळून केलेला आहे.

महाराष्ट्राने हे आधी भोगले आहे. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले तेव्हा कामगाराला त्या उजेडात वाचायला मिळाले नाही. सूर्य मावळला की गिरणी थांबत असे, ती थांबायची बंद झाली. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला आणि १९०५ मध्ये त्याविरुद्ध कामगारांत असंतोष उसळला. पुरुष कामगाराला दिवसाची बारा तासांची मर्यादा मिळायला १९११ चा कायदा यावा लागला. रविवारची सुट्टीही अशीच मिळवावी लागली. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन उभी केली. एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा भरवली, तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. त्यानंतर १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. उसंत यंत्रातून आपोआप झिरपत खाली येत नाही. ती मागावी लागते, लिहून घ्यावी लागते, कायद्यात बसवावी लागते. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ मध्ये आली, तीही मजूरखाते बाबासाहेबांकडे असताना त्यांनी नेटाने रेटली म्हणून.

लिहून घ्यायला उशीर झाला की काय होते, तेही मुंबईनेच दाखवले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे त्यात उतरली. गिरण्या एकेक करून मिटत गेल्यावर १९९१ मध्ये नियम झाला, की गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. परळ-लोअर परळच्या चिमण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, आणि घरासाठी अर्ज केलेले कित्येक कामगार सातारा-रत्नागिरीच्या गावांत वाट पाहत म्हातारे झाले. वाटा आधी ठरवायचा असतो. माणसे पांगल्यावर ठरवायला गेले की ती सापडतही नाहीत आणि त्यांच्या वतीने भांडायला कुणी उरत नाही.

ऊसतोडवाले तर आधीच पांगलेले. एका गावातले वीस कोयते वीस कारखान्यांवर जातात. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत, मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो, मी फक्त माणसे पुरवतो. वाहतूकदार म्हणतो, मी पैसे आगाऊ दिले. शेतकरी म्हणतो, मी ऊस कारखान्याला दिला, तोडणीचे तो बघेल. म्हणजे हातात कोयता घेतलेल्या बाईला मालकच नाही. मालक नाही म्हणून बाळंतपणाची रजा नाही, अपघाताची भरपाई नाही, हजेरीपट नाही. यंत्र आल्यावर नोकरी गेल्याचा कागदही नाही, कारण नोकरी होती याचाच कागद नव्हता.

माझ्या शेतकरी भाऊबंदांचे म्हणणे मला ठाऊक आहे, आणि ते खोटे नाही. उचल घेऊन टोळीच न आणणाऱ्या मुकादमांनी वाहतूकदारांचे संसार उद्ध्वस्त केले आहेत. ऊस वेळेवर तुटला नाही तर त्याला तुरा फुटतो, वजन घटते, पुढचे पीक लांबते. खुशालीच्या नावाखाली पैसे मोजल्याशिवाय फडाला कोयता लागत नाही, असा अनुभव गावोगाव आहे. टोळ्या दरवर्षी कमी होत चालल्या आहेत. तोडणाऱ्यांच्या पोरांना आता बापाचा कोयता नको आहे, आणि त्यांचे बरोबरच आहे. शेतकरी यंत्राकडे हौसेने वळलेला नाही. पण एक गोष्ट माझ्या भाऊबंदांनी मोकळेपणाने कबूल करावी. आपले शिक्षण उसावर झाले. माझी फी, माझ्या भावाचे इंजिनिअरिंग, बहिणीचे लग्न, सारे ऊसबिलावर झाले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम काढला, तेव्हापासून आमच्यासारख्या घरांची तीन पिढ्यांची चढण या धंद्यावर झाली. या काळात तोडणाऱ्याच्या घरात काय बदलले? आजीचा कोयता सुनेकडे आणि सुनेचा नातसुनेकडे आला. सहकार सभासदापाशी येऊन थांबला. फडापर्यंत कधी उतरलाच नाही.

आता तर यंत्रापुढचे तंत्र आले आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. जमिनीत संवेदक, वर उपग्रहाचे चित्र, मोबाइलवर सल्ला : आज पाणी द्या, उद्या खत थांबवा. राज्याने जून २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटींचे धोरण मंजूर केले. मला याचे कौतुक वाटते. पाणी वाचत असेल, खत कमी लागत असेल तर ते हवेच आहे. पण उसाच्या मुळाशी किती ओल आहे हे आपण तासातासाला मोजू शकतो, तर तोच ऊस तोडणाऱ्या बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन किती आहे हे हंगामात एकदा तरी मोजायला कोणते तंत्रज्ञान आडवे येते? कोणत्या गटात किती ऊस उभा आहे हे उपग्रहावरून कळते. त्या गटात कोणत्या गावचे किती कोयते उतरले, त्यांच्याबरोबर किती पोरे शाळा सोडून आली, हे कळायला साधी वही पुरेल. कमतरता यंत्राची नाही. मोजावेसे वाटण्याची आहे.

उपाय परदेशातून आणायला नको. आपल्याच राज्याने यापेक्षा अवघड गोष्टी करून दाखवल्या आहेत. बंदरात आणि बाजारात ओझी वाहणाऱ्यांनाही एक मालक नव्हता. आज या वखारीत, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालक मजुरी मंडळात भरणार, तिच्यावर लेव्ही भरणार, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. मालक अनेक असले तरी जबाबदारी एक करता येते, हे या कायद्याने दाखवून दिले. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना राज्यभर रुजवली, आणि तिच्यासाठी पुढे शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. कष्ट करणाऱ्याची जोखीम साऱ्या समाजाने वाटून घ्यायची, हे त्या वेळच्या विधिमंडळाला पटले होते. आज का पटू नये?

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे, कारखान्यांनी टनाला दहा रुपये त्यात भरायचे ठरले आहे. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. पूर्ण वसुली झाली तर वर्षाला शंभर कोटी. मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहे आहेत, ती वाढायला हवीत. पण यंत्राच्या निमित्ताने आणखी एक पाऊल टाकले पाहिजे. यंत्राने तोडलेल्या प्रत्येक टनावर, जशी पाचटापोटी वजनातून वजावट होते तसा, एक ठरलेला वाटा बाजूला निघावा आणि तो काम गेलेल्या कोयत्यांच्या नावावर जमा व्हावा. नाव बाईचे आणि पुरुषाचे वेगवेगळे, कारण अर्ध्या कोयत्याचे पैसे आजवर नवऱ्याच्याच हातात पडले. अनुदानाच्या अर्जात एक रकाना वाढवावा : हे यंत्र ज्या गटात चालणार तिथे गेली तीन वर्षे कोणत्या टोळ्या होत्या? ड्रोन घ्यायला बचत गटांच्या बायांना केंद्र सरकारने ८० टक्के, आठ लाखांपर्यंत अनुदान देऊ केले. मग वीस वर्षे फडात काढलेल्या बायांच्या गटाला तोडणी यंत्र का मिळू नये? ऊस कुठे लोळला आहे, कुठे दगड आहे, कुठे ओल आहे, हे त्यांच्याइतके कुणाला कळते? यंत्राच्या किमतीतून अनुदान वजा जाता उरलेल्या साठ-पासष्ट लाखांना जिल्हा बँक आणि कारखाना हमी देऊ शकतात. आजवर मुकादमाला कोट्यवधींच्या उचली दिल्याच ना?

आणि गावाकडे पाणी. हे शेवटी लिहिते आहे, पण खरे मूळ तेच आहे. धारूर, पाटोदा, शिरूर कासारच्या डोंगरपट्ट्यात पाणी अडले, दुसरे काम उभे राहिले, तर कोयता उचलायची पाळीच येणार नाही. ऊस पितो ते पाणी आणि ऊस तोडणाऱ्याच्या गावाला न मिळणारे पाणी, या दोन गोष्टींचा विचार एकत्र करायला आपण अजून सुरुवात केलेली नाही.

त्या सकाळी बाई रिकाम्या हाताने गेली. मी वाढ्याचे पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. जे तोडले नाही त्याचे कसे घ्यायचे, म्हणाली. मला वाटते, आपण तिच्याकडून मोफत घेतलेल्या गोष्टी तिने मोजल्या असत्या तर ती असे म्हणाली नसती.

कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये असतात. वडिलांमागे आमच्या घरचे सभासदत्व माझ्या नावावर झाले आहे, आणि आजवर मी सभेला जाऊन अहवालाची प्रत आणि साखरेचे कार्ड घेऊन परत आले. यंदा मी उभी राहून विचारणार आहे : आपल्या कार्यक्षेत्रात किती यंत्रे चालली, त्यांच्यामुळे किती कोयत्यांचे काम गेले, ती माणसे आज कुठे आहेत, आणि त्यांच्यासाठी टनामागे आपण काय बाजूला ठेवणार? वाचकांत जे सभासद असतील त्यांना विनंती आहे, आपापल्या सभेत हाच प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.